बॅनर जाहिरातीचा भाव ठरवताना नेमकं मोजायचं काय? सीपीएम, सीटीआर, मेकगुड हे सगळं समजून घ्यायचंय

बर्डीवाला
मंडळी नमस्कार. आम्ही दोघं मित्र मिळून नागपूरची एक मराठी साइट चालवतो. नाटकाच्या तारखा, कुठला रस्ता खोदून ठेवलाय, कोणत्या झोनमध्ये उद्या पाणी येणार नाही, उन्हाळ्यात तापमान, असलं सगळं त्यात असतं. वाचक बऱ्यापैकी आहेत न बहुतेक मोबाईलवरूनच येतात. जाहिराती आतापर्यंत घेतल्या नव्हत्या. आता गांधीबागेतल्या एका कापड दुकानाने विचारलं की वरच्या बॅनरचं महिन्याचं काय घेता, आणि त्याच आठवड्यात एका एजन्सीचा मेल आला. त्यांचं म्हणणं असं की तुमची इन्व्हेंटरी सीपीएमवर घेतो, रन ऑफ साइट, फ्रिक्वेन्सी कॅप ३, व्ह्यूएबिलिटी ६० टक्क्यांच्या वर पाहिजे, आणि सीटीआर कमी आला तर मेकगुड द्यावा लागेल. यातला प्रत्येक शब्द कुठं ना कुठं वाचलाय पण पैशाच्या हिशोबात त्याचा काय परिणाम होतो ते कळून नाही राहिलं. कोणी या कामात असेल तर जरा सविस्तर सांगा, दोघांनाही उत्तर द्यायचंय.

पिक्सेल_धंतोली
भाऊ मी याच कामात आहे, जाहिराती साइटवर चढवणं न त्यांचे रिपोर्ट काढणं हेच करते. मेलला उत्तर द्यायची घाई करू नका. भावाचं नंतर बघू, आधी पैसे कशाचे मोजले जाणार ते ठरवा, बाकीचे सगळे शब्द त्याच्या मागून येतात.

समोरच्याने हिट्स हा शब्द काढला तर तिथंच थांबवा. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट, पानावर २० फोटो असले तर पान एकदाच उघडलं तरी २१ हिट होतात आणि बाकीच्या बारीकसारीक फाइली वेगळ्याच, त्यामुळे त्या आकड्यावर सौदा होत नाही. पान किती वेळा उघडलं तो पेजव्ह्यू. युनिक व्हिजिटर म्हणजे किती वेगवेगळे ब्राउझर आले, माणसं नव्हे, कारण तोच माणूस दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न रात्री मोबाईलवर आला तर दोनदा मोजला जातो. बॅनर किती वेळा दाखवला गेला ते इम्प्रेशन. पानावर बॅनरच्या तीन जागा असल्या तर एका पेजव्ह्यूला तीन इम्प्रेशन्स. या जागांना स्लॉट म्हणतात आणि महिन्याभरात सगळ्या स्लॉटमधून जेवढी इम्प्रेशन्स निघतात ती तुमची इन्व्हेंटरी, म्हणजे विकायचा माल. रन ऑफ साइट म्हणजे बॅनर साइटवर कुठेही लावा, ठरावीक पान मागणार नाही, म्हणून त्याचा भाव कमी असतो.

सीपीएम हा दर हजार इम्प्रेशन्सचा भाव. समजा ८० रुपये सीपीएम ठरला न ५०,००० इम्प्रेशन्स दिली तर ५० गुणिले ८०, म्हणजे ४,००० रुपये. सीपीसी म्हणजे दर क्लिकला इतके. सीपीए म्हणजे पुढचं काम झालं तरच पैसे, फॉर्म भरला, ऑर्डर दिली वगैरे. आणि सीटीआर म्हणजे दर शंभर इम्प्रेशन्समागे किती क्लिक आले.

आता हे नीट बघा. त्याच ५०,००० इम्प्रेशन्सवर समजा सीटीआर ०.२ टक्के आला, म्हणजे १०० क्लिक. सीपीएमच्या सौद्यात तुम्हाला ४,००० मिळाले आणि दुकानदाराला एक क्लिक ४० रुपयाला पडला. तोच सौदा १० रुपये सीपीसीवर केला असता तर तुमच्या हातात १,००० आले असते, म्हणजे हजार इम्प्रेशन्समागे फक्त २० रुपये, यालाच ईसीपीएम म्हणतात. जागा तीच, वाचक तेच, बॅनरही तोच. बॅनर वाईट निघाला तर भुर्दंड कोणी भरायचा एवढंच बदललं. सीपीएमवर तो जाहिरातदार भरतो, सीपीसीवर तुम्ही भरता, आणि सीपीएवर तर त्याच्या दुकानातला माल, भाव, फोन उचलणारा पोरगा या सगळ्याची जोखीम तुमच्या डोक्यावर येते.

म्हणून त्या मेलमधलं मेकगुडचं वाक्य मला अजिबात पटत नाही. कबूल केलेली इम्प्रेशन्स कमी पडली तर ती पुढच्या काळात भरून देणं हा मेकगुड, आणि तो द्यायलाच पाहिजे. पण बॅनर त्यांनी बनवायचा, भाव सीपीएमने लावायचा आणि क्लिक आले नाही तर भरपाई तुम्ही द्यायची, हे म्हणजे सीपीएमच्या नावाखाली सीपीसी झालं. ते वाक्य काढायला लावा, नाहीतर सरळ सीपीसीचा चांगला भाव मागा.

गांधीबाग_कापड
ताई तुम्ही साइटवाल्याच्या बाजूनं सांगितलं, मी दुकानदाराच्या बाजूनं इचारतो, मी याच लाइनीतला हाय. पेपरात जाहिरात देतो तं कॉलम सेंटिमीटरचा भाव असते, सकाळी पेपर उघडला की डोळ्याले दिसते का लागली म्हणून. व्हरायटी चौकात होर्डिंग घेतलं तरी महिन्याचे पैसे द्या न आपल्याले जाता येता दिसते. इथं ५०,००० वेळा दाखवलं म्हणता, पण कोणाले दाखवलं? माझं गिऱ्हाईक नागपूर, कामठी, उमरेड, भंडारा इकडचं. नागपूरचा पोरगा पुण्यात नोकरीले गेला न तिथून ही साइट वाचून राहिला तं तो लग्नाचा बस्ता बांधाले माझ्याकडे थोडी येणार हाय. आणि दुसरं, एकाच माणसाले शंभर खेप दाखवून ५०,००० पुरे केले तं?

पिक्सेल_धंतोली
दादा दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हीला उपाय आहे.

पहिल्याला जिओ टार्गेटिंग म्हणतात. ज्या नेटवरून पान उघडलं त्याच्या आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाज घेऊन फक्त नागपूर परिसरातल्यांनाच बॅनर दाखवता येतो. घरच्या ब्रॉडबँडवर हा अंदाज बऱ्यापैकी बसतो, मोबाईल डेटावर कधीकधी भलतंच शहर दाखवतो, म्हणून पूर्ण अचूक समजू नका. आणि साइटवाल्याने लक्षात घ्यायचं की नागपूरपुरतं मर्यादित केलं की विकण्यासारखी इम्प्रेशन्स कमी होतात, तेव्हा त्याचा सीपीएम जास्त मागणं योग्यच आहे.

दुसऱ्याला फ्रिक्वेन्सी कॅप. कॅप ३ म्हणजे एका ब्राउझरला ठरलेल्या काळात तीनपेक्षा जास्त वेळा तो बॅनर दिसणार नाही. पण किती काळात? दिवसाला ३ आणि महिन्याला ३ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्या मेलमध्ये काळ दिलेलाच नाही. महिन्याला ३ म्हटलं तर तुमच्याकडे दरमहा निदान १७,००० वेगवेगळे वाचक पाहिजेत तेव्हा कुठे ५०,००० इम्प्रेशन्स पूर्ण होतील, नाहीतर माल शिल्लक राहील न तुम्ही कमी पडलात म्हणून मेकगुड देत बसाल. रिपोर्ट मागताना नेहमी इम्प्रेशन्सच्या जोडीला रीच मागा, म्हणजे किती वेगवेगळ्या ब्राउझरपर्यंत पोचलं ते.

झिरो_माईल
मध्येच थोडा इतिहास सांगतो, कारण दुकानदार महिन्याचा भाव विचारतो तेव्हा बरेच जण त्याला अडाणी समजतात, आणि ते चूक आहे. वेबवरचा पहिला मोठा गाजलेला बॅनर २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर लागला, एटी अँड टी कंपनीचा. तो सौदा तीन महिन्यांचे ३०,००० डॉलर असा ठोकच होता असं नोंदलेलं आहे, म्हणजे सुरुवात महिन्याच्या भावानेच झाली. त्यावर ४४ टक्के लोकांनी क्लिक केलं असंही सांगतात. तेव्हा लोकांना ती चीजच नवीन होती, आज एक टक्का सीटीआर आला तरी साधा बॅनर विकणारा खूश असतो.

पुढं १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने याहूकडे हट्ट धरला की दाखवल्याचे नाही, क्लिकचे पैसे देऊ, आणि याहूने ते मान्य केलं. म्हणजे आज आपण इथं जो वाद घालून राहिलो तो तेव्हापासूनचा आहे. त्याच वर्षी अमेरिकेत आयएबी ही ऑनलाइन जाहिरातवाल्यांची संस्था निघाली, तिने बॅनरचे ठरावीक आकार पक्के केले, नाहीतर प्रत्येक साइटचं माप वेगळं असायचं.

महिन्याचा ठोक भाव वाईट नाही. मोजायची भानगड नाही, दुकानदाराला समजतं. फक्त ठोक घेताना आपल्या मनाशी त्याचं सीपीएम काढून बघायचं, म्हणजे आपण किती स्वस्तात देतो ते कळतं.

फ्लेक्स_ते_फोन
आकारांचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी डिझाइन करतो, आधी फ्लेक्सचं करायचो आता दोन्ही करतो. जास्तीत जास्त पैसे इथंच वाया जातात न कोणी बोलत नाही.

दुकानातून फाइल काय येते तर दहा बाय चार फुटाच्या फ्लेक्सची. डाव्या कोपऱ्यात गणपती, उजव्या कोपऱ्यात मालकांचा फोटो, मध्ये भव्य सेल, खाली तीन शाखांचे पत्ते, दोन मोबाईल नंबर, आणि अगदी तळाला अटी लागू. म्हणतात हेच लहान करून साइटवर टाका. मोबाईलवरचा वरचा बॅनर असतो ३२० बाय ५० पिक्सेल. अर्ध्या बोटाएवढी उंची. त्यात ते सगळं कोंबलं की मालकांचा चेहरा मोहरीएवढा होतो न नंबर तर भिंग घेऊन बसलं तरी वाचता येत नाही. मग क्लिक आले नाही की दोष साइटला.

३२० बाय ५० मध्ये तीनच गोष्टी बसतात, एक साडीचा चांगला फोटो, चार-पाच शब्द, आणि बटण. पत्ता न नंबर क्लिक केल्यावर जे पान उघडतं त्यावर, त्याला लँडिंग पेज म्हणतात. जरा ऐसपैस पाहिजे असेल तर ३०० बाय २५०, ज्याला मीडियम रेक्टँगल म्हणतात, तो मोबाईल न कॉम्प्युटर दोन्हीवर चालतो, माझ्या मते लोकल दुकानाला हाच सगळ्यात कामाचा. कॉम्प्युटरवर आडवा ७२८ बाय ९० तो लीडरबोर्ड, उभा १६० बाय ६०० तो स्कायस्क्रेपर. बर्डीवाले भाऊ, तुमचे वाचक मोबाईलवरचे आहेत म्हणता तर लीडरबोर्ड विकत बसू नका, तो फोनच्या रुंदीत मावतच नाही. फाइल १५० केबीच्या आत ठेवा, नाहीतर बॅनर उतरेपर्यंत माणूस खाली निघून जातो.

वर्धा_रोड
व्ह्यूएबिलिटीवर कोणी लिहिलं नाही अजून, आणि मला तर ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मीडिया रेटिंग कौन्सिल, म्हणजे जाहिरात मोजायचे नियम ठरवणारी अमेरिकेतली संस्था, तिचा निकष असा आहे की बॅनरचे निदान ५० टक्के पिक्सेल सलग एक सेकंद स्क्रीनवर दिसले तरच ते इम्प्रेशन व्ह्यूएबल धरायचं, व्हिडिओ असेल तर दोन सेकंद. नुसतं सर्व्हरने बॅनर पाठवला म्हणजे कोणी पाहिला असं होत नाही.

बर्डीवाल्यांच्याच साइटचं उदाहरण घ्या. मे महिन्यात दुपारी लोक काय करतात, तापमानाचं पान उघडतात, पहिल्याच ओळीत ४५ अंश दिसतं, बाप्पा म्हणतात न बंद करतात. पानाच्या तळाशी बॅनर असेल तर पान उघडल्याबरोबर तो पण उतरला, इम्प्रेशन मोजलं गेलं, पण माणूस तिथपर्यंत गेलाच नाही. असे हजारो. आता पाण्याच्या वेळापत्रकाचं पान बघा, माणूस आपला झोन शोधत हळूहळू खाली जातो, प्रत्येक वस्तीचं नाव वाचतो, त्यामुळे मधला बॅनर दोन-तीन सेकंद सहज समोर राहतो. पेजव्ह्यू कमी असले तरी ही जागा जास्त मोलाची आहे. म्हणून ६० टक्क्यांची अट मान्य करायच्या आधी प्रत्येक स्लॉटचा आकडा वेगवेगळा काढा, आणि तळाचे स्लॉट लेझी लोडवर टाका, म्हणजे वाचक जवळ आल्यावरच बॅनर उतरेल. त्याने एकूण इम्प्रेशन्स कमी दिसतील पण जी मोजली जातील ती खरी असतील. दुकानदाराचे पैसे आहेत, त्याला न दिसलेल्या बॅनरचं बिल लावणं मला बरोबर वाटत नाही.

गांधीबाग_कापड
हे पटलं. पण शेवटी माझ्या गल्ल्यात काय आलं ते कसं समजावं? एका एजन्सीवाल्यानं मले मागच्या दिवाळीत नुसते आकड्याचे स्क्रीनशॉट पाठवले, काऊन गिऱ्हाईक नाही आलं म्हटलं तं म्हणे ब्रँडिंग होऊन राहिलं.

पिक्सेल_धंतोली
दादा ब्रँडिंग होतं, ते खोटं नाही, पण ते मोजायचं ठरलं नसेल तर त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. तुम्ही एवढं करा. बॅनरच्या लिंकला ट्रॅकिंगचा टॅग लावून घ्या, म्हणजे त्या बॅनरवरून किती जण तुमच्या पानावर आले ते तुमच्याच वाचक-मोजणीत, म्हणजे अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसेल, त्यांच्या स्क्रीनशॉटवर अवलंबून राहायची गरज नाही. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कोणी क्लिक करून पान उघडायच्या आधीच परत फिरतं, कोणाचं नेट तुटतं. या धंद्यात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात, त्याच्या वर गेला की दोघांनी बसून तपासायचं.

आणि दुकानात येऊनच खरेदी होते तर बॅनरवर एक कोड द्या, हा कोड सांगितला की फॉल-पिको फुकट असं काहीतरी. काउंटरवरच्या पोराला वहीत खूण करायला सांगा. समजा १०० क्लिकमधून ४ जण कोड घेऊन आले तर ४,००० भागिले ४, एक गिऱ्हाईक हजार रुपयाला पडलं. ते लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक असेल तर सौदा चांगला, एका ब्लाउज पीसचं असेल तर महाग. हे गणित फक्त तुम्हीच करू शकता, साइटवाला नाही की एजन्सी नाही.

बर्डीवाला
सगळ्यांचे आभार, आता डोकं जागेवर आलं. कालच बसून स्लॉटचे आकडे काढले. वर्धा_रोड म्हणतात तसंच निघालं, पाण्याच्या पानावरचा मधला स्लॉट व्ह्यूएबिलिटीत सगळ्यात पुढे न तळाचा अगदीच खाली. तर दुकानाला असं पाठवून राहिलो, पाण्याच्या न कार्यक्रमांच्या पानांवर मधला ३०० बाय २५०, फक्त नागपूर परिसर, ५०,००० व्ह्यूएबल इम्प्रेशन्स, एका वाचकाला दिवसाला जास्तीत जास्त ३ वेळा, इम्प्रेशन्स कमी पडली तर पुढच्या महिन्यात भरून देऊ, क्लिकची हमी नाही. एजन्सीला मात्र सीटीआरची अट काढा म्हणून लिहिलंय. काही राहिलं का?

पिक्सेल_धंतोली
मोजणार कोण ते राहिलं. कोणत्या अ‍ॅड सर्व्हरचा, म्हणजे बॅनर दाखवून मोजणाऱ्या यंत्रणेचा, आकडा धरायचा ते लिहा, आणि दुकानाला त्या रिपोर्टचं लॉगिन द्या, महिन्याच्या शेवटी स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा ते बरं. बॅनर मध्येच बदलायचा असेल तर फाइल किती दिवस आधी द्यायची तेही घाला, दुकानदार लोक ऐन सेलच्या सकाळी नवीन डिझाइन पाठवतात. बाकी एकदम ठीक.

फ्लेक्स_ते_फोन
आणि बॅनरसाठी जागा आधीपासून राखून ठेवा पानावर. नाहीतर माणूस वाचत असतो, बॅनर उशिरा उतरतो, मजकूर खाली ढकलला जातो न बोट भलतीकडेच पडतं. असे क्लिक दोघांच्याही कामाचे नाहीत.

सदर_संध्याकाळ
धागा वाचून एक विचारते. माझा रेसिपीचा ब्लॉग आहे, मी दुकानं शोधत फिरू शकत नाही. गूगलचं अ‍ॅडसेन्स लावलं तर हे सगळं आपोआप होतं का? आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मैत्रिणी म्हणतात की आम्ही रोज येऊन जाहिरातींवर क्लिक करत जाऊ.

झिरो_माईल
ताई मैत्रिणींना आजच्या आज नाही सांगा. ओळखीच्यांनी मुद्दाम केलेले क्लिक गूगल अवैध धरतं, पैसे तर कापतंच, वर खातं कायमचं बंद होऊ शकतं. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः पण क्लिक करायचं नाही, तपासायला सुद्धा नाही.

बाकी हो, मोजणं, भाव, जाहिरातदार शोधणं सगळं तेच करतात, प्रत्येक इम्प्रेशनचा त्या क्षणी लिलाव होतो न जास्त बोली लावणारा दिसतो. अ‍ॅडसेन्स २०१८ पासून मराठी मजकुराच्या साइट पण घेतं. जाहिरातदाराने दिलेल्या पैशातले साधारण ६८ टक्के ब्लॉगवाल्याला मिळतात. १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला घरी पोस्टाने पिन येतो, तेव्हा पत्ता नीट पिनकोडसकट लिहा, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. आधी ते मुख्यतः क्लिकचे पैसे द्यायचे, २०२४ पासून इम्प्रेशनवर देतात. त्यामुळे रेसिपी एवढी नीट लिहा की माणूस साहित्यापासून कृतीपर्यंत खाली वाचत जाईल, मधल्या जागा आपोआप दिसतील.

पिक्सेल_धंतोली
आणि पानावर जाहिरातींचा कोंबाकोंब करू नका. मोबाईलवर पानातल्या मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जाहिराती झाल्या तर ते जाहिरात उद्योगाने मिळून काढलेल्या कोअॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्सच्या निकषात बसत नाही, आणि ते निकष वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्या जाहिराती क्रोम ब्राउझर अडवू शकतो. रेसिपीच्या पानाला दोन, फार तर तीन स्लॉट ठेवा. पहिला साहित्याच्या यादीनंतर लावून बघा न महिन्याने आकडे इथं टाका, बघू आपण.